द्वारका जळाली की बुडाली?

चातुर्मासात दुपारी आमच्या बस्तीत हरिवंशपुराणाचं वाचन असायचं. आजी भिंतीला टेकून ऐकायची. द्वारकेचा प्रसंग आला की तिची माळ थांबायची. त्यामुळे द्वारका जळाली, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. पुढे शेजारच्या काकूंकडे महाभारताची गोष्ट ऐकली, तर तिथे द्वारका समुद्रात बुडालेली! मी काकूंशी चक्क भांडले होते.

जिनसेनाचार्यांनी हरिवंशपुराण शके 705 मध्ये, म्हणजे इ. स. 783 साली पूर्ण केलं. त्यात नेमिनाथ भगवान आधीच सांगून ठेवतात, की बारा वर्षांनी मद्यापायी आणि द्वीपायनाच्या हातून या नगरीचा नाश होईल. मग दवंडी पिटतात, सगळं मद्य रानात नेऊन ओततात. द्वीपायन तर आपल्या हातून पाप नको म्हणून लांब निघून जातो. पण बारा वर्षं सरली असं समजून तो थोडा आधीच परत येतो. अधिक महिन्यांचा हिशोब चुकला, असं आमचे पंडित समजावून सांगत. (घरातल्या कुठल्याही बाईला विचारायचं होतं. व्रतं करणाऱ्या बायकांचा अधिक महिना कधी चुकतो का?) रानातलं तेच मद्य पिऊन यादवांची पोरं त्याला दगड मारतात, आणि त्याच्या क्रोधातून आग लागते. कृष्ण-बलराम वसुदेव, देवकी, रोहिणी यांना रथात बसवतात, पण रथ हलत नाही, वेशीची दारं उघडत नाहीत. शेवटी आईबापच म्हणतात, तुम्ही तरी जा. आजीची माळ थांबायची ती इथे.

महाभारताच्या मौसलपर्वात यादव आपसांत लढून संपतात. अर्जुन उरलेल्या बायका-मुलांना घेऊन निघतो, आणि मागे समुद्र एकेक भाग गिळत येतो. मद्य दोन्हीकडे आहे, आपल्याच माणसांच्या हातून झालेला नाशही. फरक आग आणि पाण्याचा.

आता उत्खननाचं सांगते. 1963 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने द्वारकेत खणलं. 1979-80 मध्ये डॉ. एस. आर. राव यांना द्वारकाधीश मंदिराच्या पुढ्यात जुन्या देवळांचे अवशेष मिळाले. समुद्राखाली शोधायचं ठरलं ते त्यानंतर, आणि ते काम केलं गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने. आमच्या बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून मला या शोधाचं उगीचच घरचं वाटतं. 1983 पासून 1990 पर्यंत पाणबुडे गोमती जिथे समुद्राला मिळते तिथे उतरत होते. घडीव दगड, भिंती-बुरुजांसारखी बांधकामं आणि दगडी नांगर हाती लागले. नांगर म्हणजे शेतातला नव्हे हं, जहाजाचा. तिकोनी दगडाला तीन भोकं, वरच्यात दोर आणि खालच्या दोहोंत लाकडी खुंट. बेट द्वारकेला शंखाची एक मुद्रा मिळाली, तिच्यावर तीन तोंडांचा प्राणी. राव यांनी हे सगळं इ. स. पूर्व पंधराव्या शतकाच्या आसपासचं ठरवलं आणि हीच कृष्णाची द्वारका, असं म्हटलं.

पण त्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांना ती बांधकामं बरीच अलीकडची, बंदराच्या धक्क्याची वाटली. तसे नांगर अरबी समुद्रातल्या मध्ययुगीन व्यापारातही वापरात होते. दगड आपलं वय सांगत नाही, ही खरी अडचण. जमिनीवर खालचा थर जुना, वरचा नवा, एवढं तरी धरून चालता येतं. किनाऱ्यालगत लाटा सगळं ढवळून टाकतात. शंभर वर्षांपूर्वीचं आणि हजार वर्षांपूर्वीचं शेजारी शेजारी पडलेलं असतं.

माझी भाची विचारते, "मावशी, मग सापडली का गं द्वारका?" तिला हो किंवा नाही हवं असतं. मी सांगते, जुनं, गजबजलेलं बंदर सापडलं, आणि ते काही थोडं नाही. तिथे जहाजं लागत होती, माणसं राबत होती, आणि समुद्राने किनारा खाल्ला. कृष्णाचं नाव कोरलेला दगड मिळालेला नाही. तो मिळालाच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या आपल्या लोकांचा मला थोडा राग येतो. आजीला कधी पुरावा लागला नव्हता.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. 1204 साली रट्टांच्या राजवटीत बांधलेली. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचे नेमिनाथ. ती बराच वेळ छताचं कमळ बघत राहिली. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाली, "देवकीला चालत नसतं का गं नेता आलं?"

नेमकं हेच मी आजीला विचारलं होतं. आजी काही बोलली नव्हती.