अंक कोणत्या टोकाने वाचावा?

पिशोर ज्या कन्नड तालुक्यात आहे, त्याच्या उत्तरेस गौताळ्याचा डोंगर उतरले की चाळीसगावजवळचे पाटण लागते. तेथील शके 1128 च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष शब्दांत सांगितले: रस म्हणजे 6, गुण 3, पूर्ण 0, मही 1. सरळ लिहिले तर 6301; पण तो शक अजून उगवायचा आहे! एकंस्थान आधी घेतले की शके 1036 मिळतो, म्हणजे इ. स. 1114.

संगणकापुढेही हाच पेच आहे. एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढीच संख्या मावते. 1036 म्हणजे 4 गुणिले 256 अधिक 12. चार बाइटांत 0, 0, 4, 12. आयबीएम 360 मालिकेने (1964) मोठे स्थान आधी ठेवले, तर पीडीपी-11 (1970) या यंत्राने दोन बाइटांच्या संख्येत लहान स्थान आधी. 1 एप्रिल 1980 रोजी डॅनी कोहेन यांनी या भांडणाला गलिव्हरच्या गोष्टीतले नाव दिले: अंडे मोठ्या टोकाने फोडायचे की लहान?

यंत्र कोणत्या पंथाचे, हे सी भाषेत कसे ओळखावे? चार बाइटांच्या पूर्णांकात 1 ठेवावा आणि त्याच पत्त्यावरचा पहिला बाइट पाहावा. 1 दिसला तर लहान टोक आधी, 0 दिसला तर मोठे. पण ही चाचणी फसू शकते. पीडीपी-11 वर चार बाइटांच्या संख्येचा मोठा अर्धा भाग आधी येई आणि प्रत्येक अर्ध्यात लहान बाइट आधी. आपले 'एकशे पंचवीस' तसेच: शतक, मग एकक, मग दशक. (2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन दिले, तेव्हा केवढा वाद झाला!) म्हणून आम्ही 1,69,09,060 ही संख्या घेतो. तिचे बाइट मोठ्याकडून 1, 2, 3, 4 असे आहेत. पीडीपी-11 वर ते 2, 1, 4, 3 दिसतील आणि लबाडी उघडी पडेल.

पुण्याच्या सी-डॅकचा 'परम 8000' (1991) ट्रान्सप्युटरवर चाले. तेथे लहान टोक आधी. 'परम 10000' (1998) मध्ये अल्ट्रास्पार्क होते. तेथे मोठे टोक आधी. पहिल्यावर बाइटस्वरूपात साठवलेले 1036 दुसऱ्यावर तसेच उचलले, तर 20,15,88,736 वाचले जाईल, आणि यंत्र चकार शब्द काढणार नाही.