बद्ध आयनांचा वेध : संवेदनशील इलेक्ट्रॉनिकीचा ऐतिहासिक आढावा

विज्ञानाचा इतिहास प्रायः सिद्धान्तांभोवती लिहिला जातो. उपकरणांचा इतिहास उपेक्षित राहतो. प्रस्तुत निबंधात बद्ध आयनांच्या अचूक मापनामागील इलेक्ट्रॉनिकीचा आढावा घेतला आहे.

केवळ स्थिर विद्युतक्षेत्राने भारित कण एका जागी बांधून ठेवता येत नाही, हे अर्नशॉ यांच्या १८४२ मधील प्रमेयाने स्पष्ट केले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही अडचण दोन मार्गांनी दूर झाली. जर्मनीत वोल्फगांग पॉल यांनी बदलते विद्युतक्षेत्र वापरले; अमेरिकेत हान्स डेमेल्ट यांनी स्थिर विद्युतक्षेत्रास चुंबकीय क्षेत्राची जोड दिली. कण बंदिस्त झाला. परंतु तो आत आहे हे ओळखावे कसे?

आंदोलन करणारा आयन भोवतालच्या विद्युतअग्रांत सूक्ष्म प्रवाह प्रवर्तित करतो. त्याचे गणित शॉकली (१९३८) व रामो (१९३९) यांनी पूर्वीच मांडले होते. एका आयनाचा हा प्रवाह फेम्टोअँपिअरच्या, म्हणजे अँपिअरच्या अब्जांशाच्या दशलक्षांशाच्या घरात असतो. सापळ्याच्या धारितेस समांतर वेटोळे जोडून अनुनाद साधला, की परिपथाचा प्रभावी रोध वाढतो आणि मोजता येईल असा विद्युतदाब मिळतो. तथापि, जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये वर्णिलेला औष्णिक गोंगाट त्याच रोधात उद्भवतो. म्हणूनच पुढे द्रव हेलियमने सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड केलेले परिपथ व अतिसंवाहक वेटोळी प्रचारात आली.

१९७३ मध्ये वाइनलँड, एकस्ट्रॉम व डेमेल्ट यांनी सिएटल येथे एकाच इलेक्ट्रॉनचा असा विद्युतवेध घेतला. १९८९ मध्ये पॉल व डेमेल्ट नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांच्यासमवेत रॅम्झी यांचाही गौरव झाला. सर्नमधील ‘बेस’ गटाने २०२२ मध्ये प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या भार-वस्तुमान गुणोत्तरांची समानता एक लाख कोटीत १६ भाग इतक्या अचूकतेने पडताळली, तीही याच तत्त्वावर.

महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आयुका’ने यटर्बियमच्या एका बद्ध आयनावर आधारित घड्याळाचे काम हाती घेतले आहे. तेथे वेध प्रकाशाच्या द्वारे घेतला जातो. तरी अत्यल्प संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याची समस्या तीच आहे.

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातील विद्यार्थी पदवीच्या प्रात्यक्षिकात एलसीआर अनुनादाचा वक्र काढतो, तेव्हा तो याच परंपरेचा पहिला धडा गिरवीत असतो. तो वक्र जितका उंच व अरुंद, तितका क्षीण संकेत पकडता येतो, हे त्यास कोणी सांगत नाही. वहीतील सहीपुरते उरलेले हे प्रात्यक्षिक त्याच्या इतिहासासह शिकविणे, हे आपणा अध्यापकांचे उत्तरदायित्व होय.