'प्लेको' नावाचा मासा नेमका कोणता?

भारतातील शोभिवंत माशांच्या बाजारात 'प्लेको' किंवा 'सकर' या नावाने एक कॅटफिश अनेक वर्षे विकला जात आहे. तोंडाच्या चोषकाने काचेला चिकटून तो शेवाळ खरवडतो, म्हणून टाकी स्वच्छ ठेवणारा मासा अशी त्याची ख्याती झाली. त्याची प्रजाती कोणती, हा प्रश्न मात्र तो टाकीबाहेर पडून नद्यांत शिरल्यानंतरच गांभीर्याने विचारला गेला.

नावाचा हा गोंधळ जुना आहे. १७५८ मध्ये लिनियसने दक्षिण अमेरिकेतील एका चिलखती माशाला 'प्लेकोस्टोमस' हे नाव दिले आणि त्याला स्टर्जन माशांच्या वंशात बसविले. पुढे तो 'हायपोस्टोमस' या वंशात गेला. विसाव्या शतकात शोभिवंत माशांचा व्यापार जगभर पसरला, तेव्हा त्याच्यासारखे दिसणारे इतर मासेही त्याच नावाखाली विकले गेले. त्यांपैकी पुष्कळ मासे 'टेरिगोप्लिक्थिस' या निराळ्या वंशाचे होते. हा भेद साध्या मोजणीने कळतो. पाठीवरील परात पहिल्या कठीण काट्यामागे हायपोस्टोमसला सहसा सात मऊ काटे असतात, तर टेरिगोप्लिक्थिसला बहुधा दहा किंवा त्याहून अधिक.

वंश ठरला तरी प्रजाती ठरत नाही. त्यासाठी अभ्यासक माशाचे पोट पाहतात. १८५५ मध्ये वर्णिलेल्या 'पार्डालिस' प्रजातीच्या पोटावर सुटे गडद ठिपके असतात. १९९१ मध्ये वर्णिलेल्या 'डिसजंक्टिव्हस'मध्ये हे ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी नक्षी बनते.

भारतात केरळमधील कालव्यांपासून बिहारमधील गंगेच्या खोऱ्यापर्यंत हे मासे सापडू लागले. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत असा मासा मिळाल्याची बातमी देशभर गाजली. निरनिराळ्या अहवालांत त्यांना निरनिराळ्या प्रजातींची नावे दिली गेली. अडचण अशी की, आशियात पसरलेल्या या माशांत ठिपके आणि नागमोडी नक्षी यांच्या मधली रूपेही आढळतात.

डीएनए बारकोडिंगने हा वाद मिटेल, अशी अपेक्षा होती. ती अर्धीच पूर्ण झाली. या पद्धतीत तंतुकणिकेतील डीएनएचा एक तुकडा वाचतात. पार्डालिस आणि डिसजंक्टिव्हस या तुकड्यावरून नीट वेगळ्या करता येत नाहीत. शिवाय हा डीएनए केवळ मातेकडून येतो. त्यामुळे दोन प्रजातींच्या संकरातून जन्मलेल्या माशाचा पिता कोण, हे त्यावरून समजत नाही. मधल्या रूपांमुळे संकराचा संशय मात्र बळावला.

अलीकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी मासा न पकडता पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून त्याचा माग काढला. पूर्व घाटातील पाहणी केलेल्या जलाशयांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी त्याच्या खुणा मिळाल्या.

अचूक नावाचा आग्रह केवळ संग्रहालयापुरता नाही. या माशाचे नर काठाच्या मातीत बिळे खोदतात आणि त्यांत अंडी राखली जातात, त्यामुळे काठ ढासळतात. त्याच्या कठीण काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि हाती आलेल्या या माशाला बाजारात किंमत मिळत नाही. त्याच्या आयातीवर किंवा विक्रीवर निर्बंध घालायचे, तर सूचीत नाव लिहावे लागते. तिथे एकच प्रजाती नोंदविली, तर तिचे संकरित भाईबंद नियमाबाहेर राहू शकतात. संपूर्ण वंशाचीच नोंद करणे, हा त्यावरील अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.

तोपर्यंत नदीत असा मासा दिसल्यास पाठीवरील पर पूर्ण उघडून एक आणि पोटाचे एक, अशी दोन स्पष्ट छायाचित्रे अभ्यासकांच्या मोठ्या उपयोगाची असतात. घरच्या टाकीत मोठा झालेला प्लेको नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नये.