उसाच्या फडातली सायबरसिटी

१९८१ साली पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. भांडवल अवघे १० हजार रुपये. दोनच वर्षांत कंपनीने बंगळुरूला बिऱ्हाड हलवले. पण त्याच १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटांचे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र पुण्यात सुरू झाले आणि ते इथेच रुजले.

अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यात आडकाठी घातली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. एकच बलाढ्य प्रोसेसर वापरण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडायचे आणि एकच गणित त्यांच्यात वाटून द्यायचे, ही त्यामागची युक्ती.

पुढे हिंजवडीत एमआयडीसीने जमीन संपादित करून आयटी पार्क वसवले. हडपसरच्या मगरपट्ट्यात मात्र वेगळेच घडले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले. उसाच्या जागी सायबरसिटीचे मनोरे आले, तरी मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली. पुण्याच्या आयटी इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा प्रयोग.