घोड्याचे प्रतिपिंड, उंदराचे प्रतिपिंड

राहाता परिसरात उसाच्या फडात कुणाला साप चावला की दवाखान्यात प्रतिविषाचे इंजेक्शन देतात. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे औषध आपल्या परिचयाचे आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचले की त्याच्या रक्तात विष निकामी करणारी प्रतिपिंडे तयार होतात. तीच आपण रुग्णाला देतो.

पण घोड्याचे प्रथिन आपल्या शरीराला परके. पूर्वी घटसर्पावर घोड्याचे रक्तजल, म्हणजे सीरम, दिलेल्या काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवते, ती दोन्ही एकमेकांना चिकटून रक्तवाहिन्यांत साचतात आणि तेथे 'पूरक प्रथिने' जागी होतात.

ही पूरक प्रथिने कोणती? १८९५ च्या सुमारास जूल बोर्दे यांना दिसले, की ताज्या रक्तजलातील एक घटक प्रतिपिंडांच्या मदतीने जंतू फोडतो आणि तापवल्यास नष्ट होतो. पुढे कळले, की ती प्रथिनांची साखळी आहे. एक दुसऱ्याला जागे करते आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पडते. हे हत्यार आपल्याच पेशींवर उलटले तर? 'पीएनएच' या दुर्मिळ आजारात तांबड्या पेशींवर पूरकापासून वाचवणारी प्रथिने नसतात. पेशी फुटत राहतात, लघवी काळपट होते, रक्ताच्या गुठळ्या होऊन जीवही जातो.

साखळीची एक कडी धरून ठेवणारे प्रतिपिंड मिळाले तर हे थांबेल. १९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची युक्ती शोधली. पण ते उंदराचे होते! म्हणजे घोड्याचीच अडचण पुन्हा आली. १९८६ मध्ये तेथीलच ग्रेग विंटर यांच्या गटाने उंदराच्या प्रतिपिंडाची फक्त पकडणारी टोके मानवी प्रतिपिंडावर बसवली. गावठी आंब्याच्या खुंटावर हापूसचे कलम करावे, तसेच हे.

याच मार्गाने एक्युलिझुमॅब तयार झाले. ते 'सी-५' ही कडी धरते. प्रतिपिंडाची शेपटी एरवी पूरकाला जागे करते. म्हणून येथे तसे न करणारी शेपटी निवडली. २००७ साली अमेरिकेत पीएनएचसाठी त्याला मान्यता मिळाली. मात्र कडी अडवली की मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस जंतूला रान मोकळे मिळते, म्हणून आधी त्याची लस देतात. शिवाय हे औषध जगातील अत्यंत महागड्या औषधांत मोडते.

सर्पदंशासाठी आपण आजही घोड्यावरच अवलंबून आहोत. फरक इतकाच, की आता पेप्सिन या विकराने त्या प्रतिपिंडांची शेपटी तोडून टाकतात. ती का तोडत असावेत, हे वर्गात मुलांना जरूर विचारून पाहावे.