राजे, राजवस्त्रे आणि दूरचा सम्राट

इ.स. 476 मध्ये सेनानी ओडोएकरने पश्चिम रोमन साम्राज्याचा पोरवयाचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून उतरवले आणि सम्राटपदाची राजचिन्हे कॉन्स्टॅन्टिनोपलला पूर्वेचा सम्राट झेनो याच्याकडे पाठवून दिली. ती त्याला स्वतः धारण करता आली असती. पण पश्चिमेला वेगळा सम्राट नको, एक पुरे, असे त्याला कळवायचे होते. पुढे इटली गॉथ राजा थिओडोरिकच्या हाती आली आणि 497 च्या सुमारास सम्राट अनास्तासियुसने तीच चिन्हे इटलीला परत केली.

रानटी टोळ्यांनी रोम बुडवले आणि लुटीतली वस्त्रे अंगावर मिरवली, हा जुना समज घेऊन आलेल्या वाचकाचेही येथे स्वागतच आहे. तो समज फार काळ टिकणार नाही, एवढेच.

थिओडोरिकचा अधिकारी कॅसिओडोरस याने त्याच्या वतीने लिहिलेली पत्रे त्यासाठी आधी वाचावीत. अनास्तासियुसला लिहिताना हा गॉथ राजा आपले राज्य म्हणजे सम्राटाच्याच राज्याची प्रतिकृती, असे नम्रपणे सांगतो. बर्गुंडियनांचा राजा गुंडोबाद याला मात्र तो सूर्यघड्याळ आणि जलघड्याळ भेट पाठवतो. ती करवून घेण्याचे काम रोमन विद्वान बोएथियसकडे. फ्रँकांचा राजा क्लोविस याच्याकडे वादक जातो. पूर्वेकडे मान लवते, पश्चिमेकडे तोच राजा सुसंस्कृत रोमचा वारस होऊन शेजाऱ्यांना शहाणे करू पाहतो. माझ्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. चिन्ह कोणाचे, यापेक्षा ते कोणाला दाखवायचे होते, हे आधी विचारावे. थिओडोरिकच्या सोन्याच्या चलनी नाण्यांवर सम्राटाचे नाव आहे. सेनिगालियाजवळ सापडलेल्या सुवर्णपदकावर मात्र तो स्वतः विराजमान आहे.

साधनांबाबत सावध राहायला हवे. 508 मध्ये गॉलमधील तूरला क्लोविसने सम्राटाकडून आलेले कॉन्सल या रोमन पदाचे पत्र स्वीकारले, जांभळी वस्त्रे नि मुकुट घातला, घोड्यावरून सोनेचांदी उधळली, असे तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो. पण ग्रेगरी लिहितो दोन पिढ्यांनंतर, आणि कॉन्सलांच्या याद्यांत क्लोविसचे नाव नाही. पद बहुधा मानाचे असावे. त्यावरचा वाद अजून रंगतो.

क्लोविसचा नातू थ्युडेबर्ट याने सोन्याच्या नाण्यांवर सरळ स्वतःचे नाव घातले. बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस यावर चिडला. त्याच्या मते इराणच्या शहेनशहालाही सोन्यावर आपली छबी उमटवण्याचा अधिकार नव्हता. गंमत अशी, की त्या नाण्यांचा घाट सम्राट जस्टिनियनच्याच नाण्यांवरून घेतलेला आहे: तेच शिरस्त्राण, तोच भाला.