कागद घोटणारे आणि कागदावर काढणारे

खानदेशातल्या पारोळ्याची एखादी मुलगी कलामहाविद्यालयात शिकते, एक गोष्ट चित्रांत मांडते, ती चित्रं कापून, दुमडून, पान उघडताच उभं राहणारं पुस्तक करते. अशा कामाकडे पाहण्याची आपली रीत ठरलेली आहे. कुणाला ते शहरातून आलेलं खूळ वाटतं, कुणाला सुट्टीतली हौस. चित्रकला म्हणजे ताणून बसवलेल्या कागदावर काढलेलं चित्र, आणि कात्री-डिंकाचं काम म्हणजे बालवाडी, ही प्रतवारी आपण इतकी गृहीत धरली आहे की ती कधी पडली हेही विचारत नाही. माझं म्हणणं असं की ही प्रतवारी फार जुनी नाही आणि ती खानदेशच्या मातीतली तर नाहीच. कागद हाताळणं आणि कागदावर काढणं यांची फारकत परीक्षेने आणि वेळापत्रकाने केली. जिथे परीक्षेचं राज्य चाललं नाही, तिथे दोन्ही कामं पुन्हा एकत्र आली, आणि त्यातली काही ठळक उदाहरणं याच तापीच्या खोऱ्यातली आहेत.

पारोळ्याहून जळगावच्या वाटेवर वीस-पंचवीस किलोमीटरवर अंजनी नदीकाठी एरंडोल आहे. हे गाव एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्ये त्याची नोंद आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही तो धंदा थोडाफार तग धरून असल्याचं तिथेच म्हटलं आहे. दख्खनेत कागद करायची रीत साधारण सगळीकडे सारखी होती. जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, कुटायच्या, नदीत धुवायच्या, हौदातला लगदा साच्यावर उचलायचा, ओले ताव भिंतीला लावून सुकवायचे, खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने घोटायचे. एरंडोलचा कागद जाडाभरडा होता, वह्या-दप्तरांच्या कामाचा, त्यावर कुणी चित्रं काढत नव्हतं, असा आक्षेप इथे येईल. तो खरा आहे. पण कागद म्हणजे दुकानातून आणलेली कोरी, निर्जीव पाटी नव्हे, त्याला जाडी असते, तो एका बाजूला सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूला मोडतो, खळ जास्त झाली तर घडीवर तडकतो, हे ज्ञान या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हातांत होतं. आज कागदशिल्प शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी हेच शिकावं लागतं. गिरणीचा स्वस्त कागद आला तेव्हा एक धंदा बसला आणि त्याबरोबर हे ज्ञानही बाजारातून उठलं.

त्याच सुमारास चित्रकला शाळेत शिरत होती, ती मात्र वेगळ्या दाराने. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे घडलेल्या शिक्षणाचा वारसा पुढे गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरांपर्यंत आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांपर्यंत पोचला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन: प्रत्येकाला ठरावीक तास, ठरावीक आकाराचा कागद, आणि तपासायला तो गावाबाहेर जाणार. जो कागद गठ्ठ्यात बांधून पाठवायचा तो सपाटच असला पाहिजे. कलेच्या तत्त्वज्ञानापेक्षा या टपालखात्याच्या सोयीनेच आपली चित्रकला सपाट केली, असं मला कधी कधी वाटतं. नक्कल करून हात तयार होतो, शिस्त लागते, असं या पद्धतीच्या बाजूने म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच जे. जे.चा सर्वांत मोठा नकलेचा उद्योग पाहा. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन खानदेशच्या सीमेवरच्या अजिंठ्यात भिंतीवरची चित्रं उतरवत होते. त्या प्रतींतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधल्या एका आगीत गेल्या. उरलेल्या सामग्रीवरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. हीसुद्धा नक्कलच, पण वर्षानुवर्षं चाललेली, प्रत्यक्ष जागेवर केलेली, आणि शेवटी पुस्तकाचं रूप घेणारी. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या कामातून तयार झाले. तेव्हा शिस्त नकलेतून आली की दीर्घ प्रकल्पातून, हा प्रश्न परीक्षेच्या समर्थकांना विचारायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर फारकत आणखी पक्की झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली ती श्रमाला शिक्षणात मान मिळावा म्हणून. वेळापत्रकात मात्र चित्रकलेचा तास वेगळा आणि कार्यानुभवाचा वेगळा पडला. एकात रंग होते आणि कात्री नव्हती, दुसऱ्यात कात्री होती आणि चित्राचा विचार नव्हता.

आता उलट बाजूचा पुरावा. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्यासाठी वसवलेल्या टिळकनगरच्या सजावटीसाठी गांधींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. बांबू आणि गवतासारख्या आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून, स्थानिक कारागिरांच्या हातांनी त्यांनी ती उभारली. जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून निघाली. अधिवेशनातल्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधींनी नंदलालांच्या कामाचा गौरव केला. यात कागद कुठे आहे, असं कुणी विचारेल. फैजपुरात तो मुख्य नव्हताच. पण वर्ष-सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९३८ मध्ये, याच तापीकाठी खाली सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्याला भरलेल्या पुढच्या अधिवेशनासाठी नंदलालांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत शेकडो चित्रफलक केले: ढोलकी वाजवणारा, शिंपी, सुतार, धान्य कांडणारी बाई. मधल्या काळात गांधींच्या ग्रामोद्योग संघाने हातकागदाला पुन्हा उभं करायचा खटाटोप चालवलाच होता. कलाशाळेचे विद्यार्थी, हाताने केलेला कागद आणि रस्त्यावरचा प्रेक्षक हे तिघं तिथे एका कामात भेटले. तो तात्पुरता मांडव होता, कला नव्हे, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही, कारण तेच फलक आज आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात मानाने दाखवले जातात.

लहान प्रमाणावर हे शाळांतही घडत होतं. पारोळ्याशेजारच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. पुढे महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत हस्तलिखितं निघाली. त्यांत मजकूर सुवाच्य काढणारा, कडेला वेलबुट्टी रंगवणारा, मुखपृष्ठासाठी मार्बल पेपर चिकटवणारा आणि शेवटी सगळं शिवून बांधणारा बहुधा एकच विद्यार्थी असे. सणाचे आकाशकंदील आणि मखरंही त्याच्याच गळ्यात पडत. यातून पोट भरत नाही, ही तक्रार पालक आजही करतात, आणि तिला केवळ ध्येयवादाने उत्तर देता येत नाही. पण १९३५ मध्ये जे. जे.त कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कथाचित्रं आणि कॅलेंडरं करून नाव आणि उपजीविका दोन्ही मिळवली. मराठी घराघरात पोचलेले चित्रकार कागदाच्या या छापील, हाताळल्या जाणाऱ्या रूपातूनच पोचले, भिंतीवरच्या चौकटीतून क्वचितच.

त्यामुळे सुरुवातीच्या त्या विद्यार्थिनीला विषय शोधत पारोळ्याबाहेर जायला नको. गावात १७२७ चा भुईकोट आहे, हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी इथली जहागीर जप्त करून किल्ल्याची मोडतोड केली. जुन्या नोंदींत इथला गुरांचा, कापसाचा आणि लुगड्यांचा व्यापार आहे. पान उघडताच उभा राहणारा किल्ला करायचा तर खंदकाची रुंदी आणि तटाची उंची मोजावी लागते. गोल बुरूज सपाट कागदातून कापताना त्याचा परीघ आधी काढावा लागतो. आणि मोडतोडीआधीचा तट दाखवायचा तर कागदपत्रं वाचावी लागतात, त्यासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळ आहे. गंमत अशी की यातलं निम्मं गणित इंटरमिजिएटच्या घनभूमितीत आहेच. घनाचा, शंकूचा, वृत्तचितीचा प्लॅन आणि एलिव्हेशन मुलं दरवर्षी बिनचूक काढतात. त्या रेघांवर कात्री चालवा, एवढंच त्यांना प्रश्नपत्रिकेत कुणी सांगत नाही.